खडकाचे गाव : ‘बहुधा’ आणि ‘निश्चित’

१९७३ साली ‘अर्थ अँड प्लॅनेटरी सायन्स लेटर्स’ या संशोधनपत्रिकेत दोन लहान निबंध प्रसिद्ध झाले. पहिला आकिहो मियाशिरो या जपानी शास्त्रज्ञाचा. त्याच्या शीर्षकातच निष्कर्ष होता : सायप्रस बेटावरचे ट्रूडोस ऑफिओलाइट संकुल बहुधा द्वीपचापात तयार झाले. दुसरा निबंध ज्युलियन पीअर्स आणि जो कॅन यांचा. ज्वालामुखी खडकांचे जन्मस्थळ लेशमूलद्रव्यांच्या विश्लेषणाने निश्चित करता येते, असा त्याच्या शीर्षकाचा आशय. एका शीर्षकात ‘बहुधा’, दुसऱ्यात ‘निश्चित’. दोन्ही निबंध आजही भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वाचावे लागतात. मात्र गेल्या पन्नास वर्षांत पहिल्या निबंधातला ‘बहुधा’ वाचकांनी गाळला आणि दुसऱ्यातला ‘निश्चित’ तेवढा उचलला, असे माझे मत आहे. हे दोन निबंध पुन्हा वाचून त्यांत टिकाऊ काय होते आणि फसवे काय होते, हे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

प्रश्न काय होता?

बसाल्ट हा काळा, जड खडक पृथ्वीवर अनेक ठिकाणी तयार होतो. त्यातली तीन ठिकाणे मुख्य. महासागराच्या मध्यभागी दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात तिथे, म्हणजे मध्यसागरी कटकावर. एक भूपट्ट दुसऱ्याखाली बुडतो तिथे उभ्या राहणाऱ्या ज्वालामुखींच्या रांगेत, म्हणजे द्वीपचापात. आणि भूपट्टाच्या पोटात, हवाईसारख्या बेटांवर किंवा आपल्या दख्खनच्या पठारावर. आजचा ज्वालामुखी कुठे आहे हे नकाशावर दिसते. पण दहा कोटी किंवा तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा बसाल्ट आपल्या जन्मस्थळी राहिलेला नसतो. भूपट्टांनी त्याला वाहून नेलेले असते, दुमडलेले असते, कधी डोंगरावर चढवलेले असते. मग त्याचे मूळ गाव शोधायचे कसे?

ट्रूडोस हे या प्रश्नाचे उत्तम उदाहरण. सायप्रसच्या या पर्वतात माथ्याजवळ प्रावरणातले खडक उघडे पडलेले आहेत. त्यांच्याभोवती गॅब्रो, त्याबाहेर एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या डाइकांचा (म्हणजे भेगेत शिलारस शिरून गोठलेल्या उभ्या भिंतींचा) पट्टा आणि सर्वांत बाहेर पाण्याखाली गोठलेल्या लाव्हाच्या उशा. पर्वत घुमटासारखा वर उचलला गेला आणि माथा झिजला, म्हणून सर्वांत खोलचा थर सर्वांत उंच दिसतो. खडकांच्या अशा संचाला ऑफिओलाइट म्हणतात.

१९६८ मध्ये इयन गॅस यांनी ट्रूडोस हा जुन्या सागरतळाचा तुकडा असावा, असे सुचवले. १९७१ मध्ये एल्ड्रिज मूर्स आणि फ्रेड व्हाइन यांनी ही कल्पना तपशिलाने मांडली. त्यांचा मुख्य आधार डाइकांचा पट्टा. एका डाइकाच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा. मधे मूळचा खडक जवळजवळ नाहीच. जमीन सतत फाकत राहिली आणि प्रत्येक फटीत नवा शिलारस शिरला, याखेरीज असे घडणे अवघड. फाकणारी जमीन म्हणजे मध्यसागरी कटक, असे समीकरण तेव्हा सर्वांच्या मनात पक्के होते. भूपट्टांचा सिद्धांत नुकताच मान्यता पावत होता आणि त्याचा पुरावा कोरड्या जमिनीवर, हातोडीने ठोकून पाहता येत होता. अशा आनंदाच्या वेळी मियाशिरोंचा निबंध आला.

मियाशिरोंचा युक्तिवाद

मियाशिरोंनी नवे नमुने गोळा करण्यापेक्षा उपलब्ध रासायनिक विश्लेषणांकडे नव्या नजरेने पाहिले. शिलारस थंड होताना त्यातून एकेक खनिज वेगळे होते आणि उरलेल्या रसाची घडण बदलत जाते. मध्यसागरी कटकावरच्या कोरड्या शिलारसात सिलिका वाढण्याआधी लोह भराभर वाढते. द्वीपचापातल्या शिलारसात पाणी अधिक असते. त्यात मॅग्नेटाइटसारखी लोहयुक्त खनिजे लवकर वेगळी होतात, त्यामुळे उरलेल्या रसात लोह साचत नाही आणि सिलिका मात्र वाढत जाते. या दुसऱ्या वाटेला कॅल्क-अल्कली क्रम म्हणतात. ट्रूडोसच्या खालच्या लाव्हा आणि डाइकांच्या विश्लेषणांपैकी सुमारे एकतृतीयांश या दुसऱ्या वाटेवर पडतात, असे मियाशिरोंनी दाखवले. मध्यसागरी कटकावर असे खडक सापडत नाहीत. तेव्हा ट्रूडोस बहुधा पातळ सागरी कवचावर नुकत्याच उभ्या राहू लागलेल्या द्वीपचापातला असावा, असा त्यांचा निष्कर्ष.

या निबंधाचा गुण त्याच्या रचनेत आहे. युक्तिवादाची प्रत्येक पायरी उघडी आहे. कोणते खडक मोजले, कोणते गुणोत्तर घेतले, कशाशी तुलना केली, हे सारे वाचकाला तपासता येते. तो खोडून काढायचा असेल तर कुठे घाव घालायचा, हेही लेखकच दाखवून देतो. चांगल्या वैज्ञानिक लेखनाची ही खूण मी मानतो.

उणीवही तितकीच स्पष्ट आहे. ट्रूडोसच्या लाव्हा समुद्राच्या पाण्यात भिजलेल्या आहेत आणि गरम खाऱ्या पाण्याने त्यांचे रसायन बदलले आहे. सिलिका, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम ही द्रव्ये अशा पाण्यात सहज इकडची तिकडे होतात. मियाशिरोंचा आलेख नेमका सिलिकेवर आणि लोह-मॅग्नेशियमाच्या गुणोत्तरावर उभा होता. दुसरी उणीव : डाइकांचा पट्टा एवढा जबरदस्त पुरावा असताना, वाढत्या ज्वालामुखीत तो कसा निर्माण होईल याचे समाधानकारक उत्तर निबंधात नव्हते. १९७५ मध्ये त्याच पत्रिकेत यावर उत्तरे-प्रत्युत्तरे झडली. विरोधकांचे म्हणणे थोडक्यात असे, की खडकाची मांडणी डोळ्यांना दिसते, रसायन मात्र पाण्याने बिघडलेले आहे. मग बिघडलेल्या साक्षीदारावर विश्वास का ठेवायचा?

प्रश्न रास्त होता. पण ‘साक्षीदार बिघडलेला असू शकतो’ यावरून ‘त्याची साक्ष खोटीच आहे’ असे ठरत नाही. त्यासाठी न बिघडलेला साक्षीदार शोधावा लागतो. ट्रूडोसमध्ये तो सापडला. लाव्हाच्या उशांच्या कडेला, पाण्याचा स्पर्श होताच गोठलेली ज्वालामुखी काच काही जागी ताजी राहिली होती. १९८३ मध्ये पॉल रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी या काचेची विश्लेषणे प्रसिद्ध केली. ताज्या काचेची घडणही मध्यसागरी कटकाची नव्हती, द्वीपचापाच्या लाव्हांच्या जवळची होती. रसायनाच्या बाबतीत मियाशिरोंची शंका खरी ठरली.

त्रिकोणाचे राज्य

आता दुसरा निबंध. पीअर्स आणि कॅन यांनी बिघाडाची अडचण आधीच ओळखली होती. म्हणून त्यांनी सहसा पाण्याबरोबर न हलणारी मूलद्रव्ये निवडली : टिटॅनियम, झिर्कोनियम, इट्रियम, निओबियम. यांपैकी टिटॅनियम सोडले तर बाकीची खडकात दहा लाख भागांत काही भाग ते काहीशे भाग एवढीच असतात. ज्यांचे जन्मस्थळ नकाशावर माहीत आहे अशा दोनशेहून अधिक बसाल्टांची विश्लेषणे त्यांनी आलेखांवर मांडली. टिटॅनियम, झिर्कोनियम आणि इट्रियम यांचा त्रिकोणी आलेख त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. त्यात कटक, चाप आणि भूपट्टाचे पोट यांची वेगवेगळी क्षेत्रे आखलेली आहेत. अज्ञात खडकाचा ठिपका ज्या क्षेत्रात पडेल ते त्याचे गाव.

यामागचे रसायन पक्के आहे. बुडणारा भूपट्ट खोल गेल्यावर त्यातून पाणी सुटते. हे पाणी बेरियम, स्ट्रॉन्शियम, पोटॅशियम यांसारखी विरघळणारी द्रव्ये वरच्या प्रावरणात घेऊन जाते. निओबियम, टिटॅनियम मात्र मागे राहतात. पाण्यामुळे प्रावरण वितळते आणि त्या शिलारसात निओबियमची तूट कायमची नोंदली जाते. म्हणजे मूलद्रव्ये खरोखरच काहीतरी सांगतात. प्रश्न एवढाच, की ती नेमके काय सांगतात?

आमटीची चव घेऊन तीत चिंच घातली की आमसूल, हे सांगता येते. पण आमसूल आहे म्हणून ती आमटी कोकणातच शिजली असे म्हणता येईल का? आमसूल पुण्याच्या वाण्याकडेही मिळते. लेशमूलद्रव्ये शिलारसात काय पडले ते सांगतात, चूल कुठे होती ते नव्हे. चुलीचे ठिकाण आपण त्यावरून अनुमानाने काढतो.

मूळ निबंधात पथ्येही दिलेली होती. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या ऑक्साइडांची बेरीज १२ ते २० टक्क्यांच्या दरम्यान असेल असेच नमुने घ्यावेत. आधी भूपट्टाच्या पोटातले बसाल्ट वेगळे काढावेत आणि मग उरलेल्यांकडे वळावे. त्रिकोणातले एक क्षेत्र तर कटक आणि चाप या दोघांचे सामाईकच होते. पण पथ्ये निबंधात राहिली आणि त्रिकोण तेवढा सर्वत्र फिरला. नमुने दळायचे, विश्लेषण करून आणायचे, ठिपके मांडायचे आणि एका परिच्छेदात ‘हे खडक द्वीपचापात निर्माण झाले’ असे लिहायचे, अशी रीत पडली. हे लिहिताना मी स्वतःला वगळत नाही. माझ्याही सुरुवातीच्या लेखनात असे परिच्छेद आहेत.

सह्याद्रीतला दाखला

त्रिकोणाची परीक्षा घ्यायची तर ज्याचे जन्मस्थळ वादातीत आहे असा, पण मूळ दोनशे नमुन्यांबाहेरचा खडक घ्यावा. असा खडक महाराष्ट्रातील शिक्षकांच्या पायाखालीच आहे. दख्खनचा बसाल्ट खंडावर, भूपट्टाच्या पोटात, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडला. त्या वेळी इथे बुडणारा भूपट्ट नव्हता, याबद्दल मतभेद नाही.

सह्याद्रीतल्या लाव्हांचे थर रसायनावरून अनेक शैलसमूहांत विभागलेले आहेत. महाबळेश्वरच्या परिसरातला आंबेनळी शैलसमूह त्यांतला सर्वांत ‘स्वच्छ’. प्रावरणातून येताना त्यात खंडीय कवचाची भेसळ फारशी झाली नाही. त्यातले स्ट्रॉन्शियमच्या दोन समस्थानिकांचे गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास आहे. त्याहून जुन्या बुशे शैलसमूहात मात्र हेच गुणोत्तर ०.७१३ च्याही वर जाते, कारण त्या शिलारसाने वाटेत ग्रॅनाइटसारखे जुने खडक वितळवून पोटात घेतले. खंडीय कवच बरेचसे जुन्या चापांतूनच घडलेले असल्यामुळे त्यात निओबियमची तूट मुळातच असते. ती तूट बुशेच्या लाव्हांना वारशाने मिळाली. जन्मस्थळ माहीत नसलेल्या माणसाने केवळ निओबियम पाहिले, तर तो बुशेचा बसाल्ट सहज द्वीपचापात नेऊन बसवील.

हा दोष उशिरा कळला असेही नाही. १९८२ मध्येच पी. ई. होल्म यांनी खंडीय बसाल्ट या त्रिकोणात ओळखू येत नाहीत, असे दाखवणारा निबंध लिहिला होता. पुढे जगभरची हजारो विश्लेषणे संगणकावर एकत्र आल्यानंतर, २०१५ मध्ये चुशी ली, निकोलस आर्न्ट आणि सहकाऱ्यांनी असे अनेक आलेख एकदम तपासले. क्षेत्रे एकमेकांत इतकी मिसळलेली दिसली, की भेद दाखवणाऱ्या या आलेखांना त्यांनी आपल्या शीर्षकात भेद न दाखवणारे आलेख असे नाव दिले. दोनशे नमुन्यांत ज्या सीमा स्वच्छ दिसल्या, त्या हजारो नमुन्यांत पुसट झाल्या. लहान वर्गातल्या गुणांवरून साऱ्या जिल्ह्याविषयी बोलू नये, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

वय काय सांगते?

रसायन एकटे अपुरे असेल तर वयाची जोड द्यावी, हा पुढचा विचार. यासाठी झिरकॉन हे चिवट खनिज उपयोगी पडते. ते तयार होताना युरेनियम आत घेते, शिसे जवळजवळ घेत नाही. म्हणून आत सापडणारे शिसे बहुतांशी युरेनियमच्या ऱ्हासातून आलेले असते. शिवाय यात दोन घड्याळे एकाच वेळी चालतात. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे आणि युरेनियम-२३५ चे सुमारे ७० कोटी वर्षे. दोन्ही घड्याळे एकच वेळ दाखवत असतील तर वयावर भरवसा ठेवता येतो. बसाल्टात झिरकॉन क्वचितच मिळतो, पण ऑफिओलाइटांतल्या फिकट रंगाच्या प्लॅजिओग्रॅनाइट खडकात मिळतो. १९८७ मध्ये मुकासा आणि लडन यांनी याच पद्धतीने ट्रूडोसचे वय ठरवले. ते नऊ कोटी वर्षांहून थोडे अधिक निघाले.

पण वय म्हणजे ‘केव्हा’. त्यातून ‘कुठे’ कसे कळणार? एकट्या आकड्यातून कळत नाही. दोन घटनांचा क्रम लावला तर कळू शकते. ओमानमधला सेमाइल ऑफिओलाइट हा ट्रूडोसचा मोठा भाऊ म्हणावा असा आहे. त्याचे कवच सुमारे ९.६ कोटी वर्षांपूर्वी तयार झाले, हे झिरकॉनांवरून कळते. त्याच्या तळाशी रूपांतरित खडकांचा एक पातळ थर आहे. दुसरा भूपट्ट खाली सरकताना तापून, दाबला जाऊन तो घडला. २०१८ मध्ये गिल्मेट आणि सहकाऱ्यांनी या थरातल्या गार्नेट खनिजाचे वय ल्युटेशियम-हाफ्नियम पद्धतीने काढले. ते सुमारे १०.४ कोटी वर्षे आले. हे खरे असेल तर खालचा भूपट्ट आधी बुडू लागला आणि वरचा सागरतळ त्यानंतर काही लाख नव्हे, तर ऐंशी लाख वर्षांनी फाकला. म्हणजे तो सागरतळ बुडणाऱ्या भूपट्टाच्या डोक्यावर तयार झाला. या आकड्यावर अजून एकमत झालेले नाही. तरीही युक्तिवादाची जात पाहण्यासारखी आहे. इथे ठिपका कुठल्या क्षेत्रात पडतो याला महत्त्व नाही; आधी काय आणि नंतर काय, हे विचारले आहे.

मग बरोबर कोण?

ट्रूडोसच्या वादात डाइक म्हणत होते, जमीन फाकत होती. रसायन म्हणत होते, खाली पाणी सोडणारा भूपट्ट होता. दोन्ही साक्षी खऱ्या होत्या. अडचण अशी, की १९७३ साली उत्तरपत्रिकेत दोनच पर्याय छापलेले होते : कटक किंवा चाप. १९८४ मध्ये पीअर्स, लिपर्ड आणि रॉबर्ट्स यांनी तिसरा पर्याय नीट मांडला. एखादा भूपट्ट बुडू लागला की त्याच्या वरच्या भूपट्टाची कड ताणली जाऊ शकते आणि तिथे नवा सागरतळ फाकू लागतो. हा सागरतळ मांडणीने कटकासारखा आणि रसायनाने चापासारखा असतो. ज्वालामुखींची उंच रांग अजून उभी राहिलेली नसते. विशेष म्हणजे हा पर्याय मांडणाऱ्यांत त्रिकोणाचे एक कर्तेच आहेत. आपल्या पद्धतीची मर्यादा ओळखून पुढे जाणे हीसुद्धा संशोधकाची थोरवी आहे.

या तिसऱ्या पर्यायाचा आजचा नमुना पॅसिफिक महासागरात आहे. २०१४ मध्ये ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ या जहाजाने जपानच्या दक्षिणेला, इझू-बोनिन चापाच्या पुढच्या उतारावर विंधनविवरे घेतली. भूपट्ट नुकता बुडू लागला तेव्हाचे, सुमारे ५.२ कोटी वर्षांपूर्वीचे बसाल्ट तिथे मिळाले. गंमत अशी, की हे पहिले बसाल्ट रसायनाने पुष्कळसे मध्यसागरी कटकासारखे आहेत. पाण्याची ठळक खूण त्यांच्यानंतरच्या बोनिनाइट लाव्हांत दिसते. एकाच गावचे खडक, पण आधीचे एक बोली बोलतात आणि मागाहूनचे दुसरी. यांतला पहिला ठिपका एकटाच हाती आला असता तर त्रिकोणाने चुकीचे गाव सांगितले असते.

आता या दोन निबंधांविषयीचे माझे मत सांगतो. मियाशिरोंचा पुरावा तेव्हा कच्चा होता आणि त्यांचे चित्रही जसेच्या तसे टिकले नाही. तरी त्यांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता आणि ‘बहुधा’ हा शब्द प्रामाणिक होता. पीअर्स आणि कॅन यांची मोजमापे अधिक पक्की होती, मूलद्रव्यांची निवड तर फारच दूरदृष्टीची. पण ‘निश्चित’ या शब्दाने पुढच्या पिढीला आळशी बनवले. मोजमाप काटेकोर असले म्हणून त्यावर बांधलेले अनुमान काटेकोर होत नाही.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. पृथ्वीवर भूपट्टांची हालचाल केव्हा सुरू झाली, हा आजचा एक मोठा प्रश्न आहे. ग्रीनलंडमधले ३७० ते ३८० कोटी वर्षांपूर्वीचे खडक किंवा कर्नाटकातल्या धारवाड प्रदेशातले २५० कोटी वर्षांहून जुने हरित खडकांचे पट्टे यांवरून त्याचे उत्तर शोधले जाते. तिथे मांडणी पार मोडलेली आहे. हातात उरते रसायन आणि वय. अशा खडकात निओबियमची तूट सापडली की ‘चाप होता, म्हणून भूपट्ट बुडत होते’ असे लिहिण्याचा मोह होतो. पण त्रिकोणातली क्षेत्रे आजच्या पृथ्वीवरून आखलेली आहेत. तेव्हाचे प्रावरण अधिक तप्त होते आणि कवचाची भेसळ तर बुशेच्या लाव्हांतही आहे. आजचे भूपट्ट गृहीत धरून आखलेल्या नकाशावर जुना ठिपका मांडायचा आणि त्यावरून तेव्हा भूपट्ट होते असे सिद्ध करायचे, हे गोल फिरून पुन्हा त्याच जागी येणे झाले.

शिक्षकांनी हा विषय वर्गात घेतला तर वरिष्ठ विद्यार्थ्यांना ट्रूडोसची हकिगत उत्तर न सांगता द्यावी. एका रकान्यात ‘काय मोजले’ आणि दुसऱ्यात ‘त्यावरून काय म्हटले’ असे लिहायला सांगावे. मग प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न विचारावा : हेच मोजमाप दुसऱ्या कोणत्या परिस्थितीत आले असते? मुले दोन पर्यायांवर अडतील, कदाचित भांडतीलही. तिसरा पर्याय त्यांतल्या एखाद्याला आपण होऊन सुचला, तर तो तास सत्कारणी लागला असे समजावे.